रंगराव

मांडववाला आला का, असं कुणी विचारलं तर साधा माणूस सांगतो, "उद्या येतो म्हणालाय." रंगराव सांगतात, "पिवळा आहे."

केटरर हिरवा असतो, लाइटवाला लाल असतो, भटजी परवापर्यंत पिवळे होते ते काल रात्री हिरवे झाले. लिफ्टदुरुस्तीचा माणूस तर गेल्या दिवाळीपासून इतका लाल आहे की त्याच्यासाठी वेगळी गडद छटा शोधावी लागली. ठाण्याच्या सोसायटीत रंगराव असतात, कोथरूडच्या लग्नघरात असतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात तर हमखास असतात. खरं नाव काहीही असो, आपण रंगरावच म्हणू. आम्हांला जवळून पाहायला मिळालेला नमुना मात्र डमडमचा. जेसोर रोडवरून आत वळून आणखी दोनदा वळलं की जे निवासी संकुल लागतं तिथे ते राहतात, आणि तिथल्या दुर्गापूजा समितीचे ते एकमेव मराठी सभासद आहेत. शेजारीपाजारी त्यांना 'रोंगोदा' म्हणतात.

रंगराव कामचुकार नव्हेत, हे आधी सांगितलेलं बरं. ते कामही करत नाहीत, हेही लगेच सांगितलेलं बरं. ते काम 'ट्रॅक' करतात. एक्सेलची शीट उघडायची, डावीकडे काम, मग कुणाकडे, मग कधीपर्यंत, मग सद्यस्थिती. आणि या सगळ्यावर कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियम बसवायचे. मुदत टळली तर ओळ लाल, काम चालू असेल तर पिवळी, झालं तर हिरवी. एकदा नियम बसले की जग आपोआप रंगत राहतं, आणि रंगराव चहा घेत बघत राहतात.

त्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, प्लॅनिंग खात्यात झाली. तिथे सुरुवातीला लाल-निळी पेन्सिल होती. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, मध्ये सोनेरी अक्षरं. त्या पेन्सिलीची एक गोष्ट चांगली होती. लाल रेघ कुणीतरी मारावी लागे, आणि कुणी मारली हे सगळ्यांना माहीत असे. ज्याच्या कामावर मारली तो संध्याकाळी सायकलस्टँडवर भेटत असे. म्हणून साहेब लोक रेघ मारण्याआधी दोनदा विचार करत. १९९७ च्या एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग आलं आणि ही भानगड मिटली. आता रेघ आपोआप येते. "मी कुठे काय म्हणालो? शीटच लाल झाली," असं म्हणून हात वर करता येतात. रंगरावांच्या स्वभावातला सगळा सौम्यपणा या एका सोयीवर उभा आहे.

२००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये एका चौकटीला तीनच अटी लावता येत. रंगरावांना त्या पुरत, आणि आमच्या मते तोच त्यांचा सुवर्णकाळ. २००७ च्या आवृत्तीत मर्यादा उठली. रंगछटांच्या पट्ट्या आल्या, चौकटीतच सरकणारे दांडे आले, बाण, झेंडे, सिग्नलचे दिवे आले. शीटच्या ओळीही पासष्ट हजारांवरून दहा लाखांच्या वर गेल्या. ज्याला तीन रंगांत संसार करायची सवय, त्याच्यासमोर अख्खी रंगपंचमी ठेवली. त्यानंतर ते पूर्वीसारखे राहिले नाहीत.

निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमागोमाग ते डमडमला आले. डमडम हे प्लॅनिंगवाल्या माणसाच्या डोक्याला फार चांगलं ठिकाण नव्हे. कोलकात्याचा विमानतळ इथे, १९८४ साली देशात पहिल्यांदा भुयारी मेट्रो धावू लागली तिचं एक स्टेशन इथे, आणि तरी बराचसा डमडम कोलकाता महानगरपालिकेत नाही. जिल्हा उत्तर चोवीस परगणा. शिवाय नगरपालिका तीन: डमडम, दक्षिण डमडम आणि उत्तर डमडम. मांडवाची परवानगी कुणाकडून घ्यायची, या एका प्रश्नासाठी रंगरावांनी शीटमध्ये 'हद्द' नावाचा स्तंभ घातला. त्यात ज्याने त्याने आपल्याला वाटेल ती नगरपालिका लिहिली. एकाने 'विमानतळाजवळ' लिहिलं.

पहिली शीट त्यांच्या मुलाने न्यू जर्सीतून करून दिली. एक्सेल नको बाबा, गूगल शीट घ्या, सगळ्यांना फोनवर दिसेल, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना दिसलीही. रंगरावांनी उशिराचा नियम लिहिला: तारखेच्या स्तंभातली तारीख आजच्यापेक्षा लहान असेल तर अख्खी ओळ लाल करा. अख्खी ओळ रंगवायची असेल तर स्तंभाच्या अक्षरामागे डॉलरचं चिन्ह लावावं लागतं. ते राहिलं तर ओळीतली प्रत्येक चौकट आपापल्या बाजूच्या स्तंभाकडे बघून रंगते आणि शीटला गोवर आल्यासारखा दिसतो. डॉलर रंगराव विसरले नव्हते. त्यांनी खूश होऊन शीट समितीच्या ग्रुपवर टाकली आणि पाच मिनिटांत फोन खणखणू लागले. ज्यांना अजून एकही काम दिलं नव्हतं त्यांच्याही ओळी लाल होत्या. खाली रिकाम्या सोडलेल्या ओळी पार तळापर्यंत लालभडक.

कारण साधं होतं. तारखेची चौकट रिकामी असली की शीट तिला शून्य समजते, आणि गूगलच्या शीटचा शून्य दिवस म्हणजे ३० डिसेंबर १८९९. म्हणजे ज्या कामाला तारीखच नाही ते काम लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असल्यापासून रखडलेलं. डमडमच्या दारूगोळा कारखान्यात निघालेल्या त्या कुप्रसिद्ध, अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळीवर हेगच्या परिषदेत बंदी आली तेही याच साली. त्यानंतर डमडममधून इतकी जखम करणारी दुसरी वस्तू निघाली असेल तर ती ही शीट. "चौकट रिकामी नसेल तर" एवढी एक अट वाढवून प्रश्न सुटला, पण पूजेच्या स्वयंपाकाची जबाबदारी घेणाऱ्या काकिमा दोन दिवस रंगरावांशी बोलल्या नाहीत. आपल्या जन्माआधीपासून आपण उशीर करतोय, हे कुणालाही लागतंच.

दुसरी गंमत त्याहून सूक्ष्म होती. शीटमधला 'आज' कुठला, हे शीटच्या टाइमझोनवर ठरतं. शीट न्यू जर्सीत जन्मलेली, म्हणून तिची मध्यरात्र डमडमच्या सकाळी साडेनऊला होई. रंगराव रात्री बारापर्यंत जागून बघत, एकही ओळ लाल होत नसे. आणि सकाळी भाजी आणायला नागेरबाजारला गेलं की मागे धडाधड ओळी लाल होत. हे कोडं त्यांना उलगडेपर्यंत लाइटिंगवाल्याने आणि ध्वनिक्षेपकवाल्याने रोज साडेनऊ तास जास्तीचे पदरात पाडून घेतले. उलगडल्यावर रंगरावांनी टाइमझोन बदलला. बंगाली मंडळींनी तो परत अमेरिकेचा करावा असा ठराव मांडला आणि तो हात वर करून मंजूर झाला.

पण खरा पेच रंगांचाच होता, आणि तो आम्ही प्रत्यक्ष पाहिला. कम्युनिटी हॉलच्या टीव्हीवर शीट लावली होती. तेलेभाजा आला होता, चहाची दुसरी फेरी चालू होती. रंगराव छडी घेऊन उभे: लाल म्हणजे उशीर, पिवळा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे पूर्ण. पुढच्या खुर्चीतल्या मेशोमशाईंनी चष्मा पुसला, परत घातला आणि शांतपणे विचारलं, "लाल आणि पिवळा. म्हणजे ईस्ट बेंगॉल?"

सभागृहात अशी शांतता पसरली की बटाट्याचं भजं चावल्याचा आवाज ऐकू यावा.

इथे मराठी वाचकासाठी थोडं थांबायला हवं. ईस्ट बेंगॉल हा १९२० सालचा फुटबॉल क्लब, त्याची जर्सी लाल-पिवळी. मोहन बागान १८८९ सालचा, त्याचे रंग हिरवा आणि मरून. फाळणीनंतर पूर्व बंगालातून जी कुटुंबं आली त्यांतली कितीतरी डमडमच्या आजूबाजूच्या वसाहतींत राहिली, आणि ती ईस्ट बेंगॉलची. मूळची पश्चिम बंगालची ती 'घोटी' मंडळी, ती मोहन बागानची. हा फरक जेवणात आहे, बोलण्यात आहे, लग्नाच्या बोलणीत आहे. एक बाजू हिलशाची, दुसरी कोळंबीची. मेशोमशाईंचं घराणं पूर्व बंगालातल्या बारिसालचं.

"म्हणजे उशीर करणारे आम्ही," मेशोमशाई म्हणाले, "काम अर्धवट ठेवणारेही आम्हीच. आणि वेळेवर पूर्ण करणारे हे मोहन बागानवाले. वा रोंगोदा!"

रंगराव गडबडले. "हिरवा काढून टाकतो. मरून करतो."

"तोही मोहन बागानच."

"मग काळा-पांढरा?"

"मोहामेडान," मागून कुणीतरी म्हणालं.

एवढ्यात सेक्रेटरीदादा उभे राहिले. ते राजकारणातले नव्हेत, पण बंगालमध्ये राजकारण बोलायला राजकारणात असावं लागत नाही. त्यांनी आठवण करून दिली की या राज्यात १९७७ पासून चौतीस वर्षं लाल होता आणि २०११ ला हिरवा गुलाल उधळला गेला. तेव्हा लाल म्हणजे वाईट आणि हिरवा म्हणजे चांगलं, हे समितीने ठरवलंय की रंगरावांनी? उद्या पाड्यातल्या क्लबच्या मुलांनी विचारलं तर उत्तर काय द्यायचं? रंगरावांनी घाईघाईने 'चालू' कामाला पिवळ्याऐवजी केशरी सुचवला. त्यावर जी कुजबुज झाली तिचा मराठी अनुवाद आम्ही करणार नाही. निळा म्हणावं तर शहरातले पूल आणि रस्त्यांचे कठडे निळे-पांढरे रंगवून झालेले. संपूर्ण वर्णपटात कुणाच्या मालकीचा नसलेला रंग शिल्लक नव्हता. पुण्याला तरी काय, भगवा कुणाचा नि निळा कुणाचा हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिथे एक्सेलच्या चौकटीला कुणी पक्षात धरत नाही. इथे धरतात, कारण इथे लोक शीट वाचतात कमी आणि बघतात जास्त.

सव्वादोन तासांनी एक रंग-उपसमिती नेमण्यात आली. तिचीही ओळ शीटमध्ये आली. ती कुठल्या रंगात दाखवायची हे ठरेना, म्हणून ती पांढरीच राहिली.

रंगराव हरणारे नव्हेत. त्यांनी रंगच सोडून दिले आणि आयकन घ्यायचं ठरवलं. एक्सेलमध्ये एक संच आहे: पाच वर्तुळं, पहिलं रिकामं, मग पाव, अर्धं, पाऊण आणि शेवटचं पूर्ण काळं. जितके टक्के काम तितकं वर्तुळ भरतं. रंग नाही, पक्ष नाही, क्लब नाही. गूगलच्या शीटमध्ये हे आयकन नसतात, म्हणून सगळं एक्सेलमध्ये नेलं. फाइल व्हॉट्सअॅपवर फिरू लागली आणि आठवड्याभरात 'पूजा फायनल', 'पूजा फायनल नवीन' आणि 'पूजा फायनल खरी' अशा तिच्या पिढ्या झाल्या. भांडण मिटवायला उचललेल्या पावलाने सामाईक शीटच संपवली, पण त्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

हळहळले ते वेगळ्याच कारणाने. वर्तुळं म्हणजे चंद्रकला, हे काकिमांच्या लगेच लक्षात आलं. पण इथे काम पूर्ण झालं की चंद्र काळा होत होता. रंगरावांच्या पत्नीने पहिल्यांदाच शीटमध्ये लक्ष घातलं. "अहो, शुभकार्यात अमावास्या? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नाहीत. बंगालमध्ये कालीपूजा अमावास्येलाच असते, तेव्हा अमावास्येला काम तडीस जाणं सगळ्यांना रीतसर वाटलं. वहिनी मात्र अजून त्या शीटकडे बघताना पदर सावरतात.

वहिनींची स्वतःची पद्धत वेगळी आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं, दरवर्षी पुण्याहून कुणी येणारा-जाणारा आणतो. गॅस कधी लावला, दुधाचा खाडा कधी झाला, मोलकरणीचे रजेचे दिवस, सगळं तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात. रविवार आणि सुट्ट्या छापतानाच लाल झालेल्या. १९७३ पासून ही शीट महाराष्ट्रात घरोघर आहे आणि तिला पासवर्ड नाही. रंगरावांनी एकदा तीही संगणकात चढवली. गॅस संपायच्या पाच दिवस आधी ओळ पिवळी होईल असा नियम केला. गॅस संपला त्या दिवशी ओळ हिरवी होती, कारण पाहुणे आले होते आणि पाहुण्यांचा स्तंभ नव्हता.

आयकनांनी एक नवीन रोग आणला: टक्केवारी. रंगावेळी काम 'चालू' म्हणून भागत असे, आता किती टक्के ते सांगावं लागे. कोलकात्यात रथयात्रेच्या सुमारास मांडवाच्या जागी खुंटीपूजा करतात, एक बांबू पुरून नारळ फोडतात. डेकोरेटरने त्या दिवशी 'पाच टक्के' लिहिलं आणि पुढे दोन महिने ते पाचच राहिलं. काही कामं फटकन नव्वदला जात आणि तिथेच बैठक मारत. संगणकवाल्यांत टॉम कारगिल या बेल लॅब्जच्या माणसाच्या नावावर एक चिमटा सांगतात, की पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना दुसरा नव्वद टक्के. रंगरावांनी हा विनोद ऐकून गंभीरपणे 'दुसरा नव्वद' असा स्तंभ घातला.

कुमारटुलीचा मूर्तिकार मात्र टक्क्यांत सापडेना. रंगराव मेट्रोने शोभाबाजारला उतरून स्वतः गेले. बांबू-लाकडाचा सांगाडा, त्यावर पेंढा, मग मातीचा पहिला थर, दुसरा थर, मग रंग, आणि अगदी शेवटी डोळे. डोळे रेखायचा दिवस परंपरेने महालयेचा. रंगरावांनी खबरदारी म्हणून त्या कामाची मुदत महालयेच्या आठ दिवस आधीची घातली होती. प्लॅनिंग खात्यात याला बफर म्हणतात. मूर्तिकाराने हातातली माती न पुसता विचारलं, "आठ दिवस आधी डोळे दिले तर माँ आठ दिवस काय बघणार?" रंगरावांकडे याला स्तंभ नव्हता. देवी पंच्याऐंशी टक्क्यांवर ठेवून ते परत आले.

आणि मग तारखा. कुठल्याही शीटचं मर्म इथे आहे आणि रंगरावांना ते सगळ्यांत शेवटी कळलं. उशिराचा नियम कामाकडे बघत नाही, तारखेकडे बघतो. तारीख पंधरा दिवस पुढे टाका, ओळ त्याच क्षणी शुद्ध. हा शोध आधी बी विंगमधल्या एका कॉलेजकुमाराला लागला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या संकुलाला. त्या आठवड्यात शीट इतकी निर्मळ दिसत होती की रंगरावांनी ग्रुपवर अभिनंदनाचा संदेश टाकला. दोन दिवसांनी बघतात तर ढाकी ठरवायची तारीख दशमीनंतर गेलेली. विसर्जन झाल्यावर ढोल कोण वाजवणार? मग 'मूळ तारीख' असा वेगळा स्तंभ आला, त्याला कुलूप आलं, कुलपाचा पासवर्ड आला, आणि तो पासवर्ड रंगराव स्वतः विसरले.

पाठपुराव्यासाठी ते सकाळी सातला फोन करत. त्यावरून तिथे एक थट्टा रूढ झाली: रंगरावांचं नाव फोनवर झळकलं की घरातलं कुणीतरी ओरडायचं, "बर्गी एलो!" बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालमध्ये शिरली, तेव्हापासून बंगालची पोरं बर्गी येईल या धाकाने झोपत आली आहेत. रंगराव यावर रागावले नाहीत. त्यांना त्यातली दुसरीच गोष्ट लागली. मराठ्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी त्याच साली शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. बेत सात मैलांचा, खणला गेला जेमतेम तीन मैल. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत, काम तिथेच थांबलं, आणि पुढे १७९९ च्या सुमारास खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. बागबाजारला अजून मराठा डिच लेन आहे. रंगराव दोन दिवस अस्वस्थ. या कामाला रंग कुठला? पूर्ण नाही. उशीर म्हणावा तर गरजच उरली नाही. रद्द म्हणावं तर तीन मैल खणून झालेत.

शेवटी त्यांनी सद्यस्थितीच्या यादीत चौथा पर्याय घातला: 'मराठा डिच'. त्यांच्या सगळ्या शीटमधली ही एकच गोष्ट लोकांनी मनापासून वापरली. जनरेटरची दुरुस्ती मराठा डिच. स्मरणिकेच्या जाहिराती मराठा डिच. रंग-उपसमितीचा अहवाल मराठा डिच. षष्ठीच्या आधीच्या रविवारी रंगरावांनी मोजलं तर अर्ध्याहून जास्त पूजा खंदकात होती.

पूजा अर्थातच झाली. सियालदहला जाऊन कुणीतरी ढाकी घेऊन आला. शीटमध्ये ज्याचं नाव होतं तो नव्हे, दुसराच. वीज आली, भोगाची खिचडी झाली, लाबडा झाला, टोमॅटोची चटणी कमी पडली. संधिपूजेची वेळ मात्र रंगरावांना मिनिटांत हवी होती. अष्टमीची शेवटची चोवीस मिनिटं आणि नवमीची पहिली चोवीस, त्यात एकशे आठ दिवे आणि एकशे आठ कमळं. ती वेळ कुठली, हे बघायला गेले तर बंगालमध्ये पंचांगं दोन: १८६९ पासूनचं गुप्तप्रेस आणि १८९० पासूनचं विशुद्ध सिद्धांत. दोघांचं गणित वेगळं, वेळा वेगळ्या, आणि प्रत्येक बाजूला आयुष्यभराचे अनुयायी. रंगरावांनी दोन्ही वेळा दोन चौकटींत लिहिल्या आणि तफावत असेल तर चौकट लाल, असा नियम केला. पुरोहित ठाकूरमशाईंनी ती लाल चौकट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "कमळं मोजलीत का?" मोजली तर एकशे तीन. पाच कमळांसाठी मेशोमशाई आणि सेक्रेटरीदादा, म्हणजे ईस्ट बेंगॉल आणि मोहन बागान, एकाच स्कूटरवरून नागेरबाजारकडे सुटले. ही नोंद शीटमध्ये नाही, कारण त्या वेळी रंगराव लॅपटॉप बाजूला ठेवून समया पेटवत होते.

दशमी झाली, सिंदूरखेळ झाला, मूर्ती गेली, आणि आता सगळे रंगरावांना विसरतील असं आम्हांला वाटलं. झालं उलटं. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेआधी खजिनदारांनी हिशेब मांडला तर चांदा, म्हणजे वर्गणी, कमी. कुणाचा आला, कुणाचा नाही, याची वही कुठे आहे हे कुणाला आठवेना. सेक्रेटरीदादा स्वतः रंगरावांच्या दारात आले. "रोंगोदा, फ्लॅटवार एक शीट करा. ज्यांनी दिलं नाही ते लाल."

"लाल?" रंगरावांनी विचारलं. "ईस्ट बेंगॉलचं काय?"

"चांद्याला क्लब नसतो," दादा म्हणाले.

रंगरावांनी रात्रीत शीट केली. दिलेले हिरवे, न दिलेले लाल, थोडं दिलेले पिवळे. जन्मात ज्यांनी त्यांची एकही फाइल उघडली नव्हती ते सगळे ती उघडून बसले. आपली ओळ सोडून बाकीच्या सगळ्या वाचून झाल्या. मग तिची प्रत लिफ्टशेजारी लावायचं ठरलं. रंगीत प्रिंटला खर्च फार, म्हणून खजिनदारांनी काळी-पांढरी मंजूर केली. एक्सेलचा फिका लाल आणि फिका हिरवा कागदावर सारखेच करडे उमटले, आणि सकाळी सातला, म्हणजे बर्गीच्या वेळेला, रंगरावांच्या दारावर चांदा वेळेवर दिलेल्या लोकांची रांग लागली.

रंगरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, वहिनींना चहा टाकायला सांगितला आणि लॅपटॉप उघडून नवा स्तंभ घातला: तक्रार आली, सुनावणी चालू, मिटली. रांगेतल्या पहिल्या माणसाने वाकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, ते चौथंपण घाला ना. मराठा डिच."